लांजेवारांच्या पंचकोनी नटाची हकीकत

श्री आयुधधारिणी देवीस दंडवत. शके एकोणीसशे चौदा, अंगिरा नाम संवत्सर, आश्विन शुद्ध एकादशी, ते दिवशी मध्यप्रदेश मुलखी, भिलाई प्रांती, हुडको मुक्कामी, पोलाद कारखान्याचे लेथ खात्यातील फोरमन राजमान्य राजेश्री बाबारावजी लांजेवार यांणी आपुल्याच हाते उभारिलेल्या किल्ल्यास आपणच वेढा घातला. तो समय कैसा गुजरला आणि कोणाची कैसी फजिती जाहली, हे न लपविता लिहिणे प्राप्त. बाबारावजींस राग आला तर येवो.

मूळ कारण असे. मागील साली शेजारी अरुणकुमार यांची मोटार एके सकाळी चारी चाकांविना विटांवर बसलेली आढळली, आणि अवघे कॉलनीत हलकल्लोळ जाहला, मग बाबारावजींस स्फुरण चढले. त्यांणी आपुल्या जुन्या मारुतीचे हरएक चाकास तीन नट साधे ठेविले आणि चौथा पंचकोनी घडविला, ऐसा की दुनियेतील कोणताही पाना त्यास लागू नये. खुर्सीपार वस्तीत मित्राचे लेथवर सात रविवार खपून चार नट आणि त्यांची एक चावी सिद्ध केली. दुसरी चावी असों द्यावी, ऐसा अर्ज पत्नी सुशीलाबाईसाहेबांनी गुदरला, त्यावर फर्मान सुटले की दुसरी चावी म्हणजे चोरास आवतण. मग खासा स्वारी खुर्सीपारचे नत्थू पंक्चरवाल्याकडे गेली आणि चारचौघांत नट दाखवून बोलली, "नत्थू, हा तुह्या बापालेबी खुलत नाही." नत्थू मूळचा भंडाऱ्याकडील, मितभाषी. त्याने नट हातात फिरवून पाहिला, परत दिला, आणि सायकलीस हवा भरू लागला.

आता बाईसाहेबांचे मनीचे. त्यांच्या मातुश्री अन्नपूर्णाबाई, मुक्काम तुमसर, लग्नसमयी भर मांडवात बोलून गेल्या होत्या, "पोराच्या नखात ऑईल हाये. माही पोर जलमभर पायदळ चालन." ते बोल बाईसाहेबांनी बावीस वर्षे पोटात ठेविले. मातुश्री बावीस वर्षांत एकदाही भिलाईस आल्या नव्हत्या. त्या या एकादशीस चार वाजताचे पॅसेंजरने दुर्ग ठेसनी उतरणार होत्या. आईस आपल्या गाडीत बसवून घरी आणावे, एवढीच बाईसाहेबांची मनशा. उभ्या संसारात त्यांणी दुसरे काही मागितले नव्हते, आणि हे बाबारावजी पक्के जाणत होते.

सकाळी दहाचे सुमारास पाहतात तो पुढील डावे चाक बसलेले. बाबारावजी हसले. जॅक लाविला, तीन नट काढिले, आणि चावीस हात घातला तो डब्यात चावी नाही. मग कपाटे उपसली, तांदळाची कोठी पालथी केली, गादीची शिवण उसवली, आणि अखेर संशय अरुणकुमारांवर धरिला की हेच गनिमास फितूर असतील, ज्यांची चाके खुद्द गनिमाने नेली होती. तेव्हां बाईसाहेब दारात उभ्या राहून इतकेच पुसत्या जाहल्या, "अवो, खंडेनवमीले चावी पूजेत ठेवली होती ना तुमी?"

बाबारावजींचे तोंड उतरले. नवमीस घरातील यच्चयावत आयुधे, पाने, हातोडी, विळी, कैची, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले होते, आणि देवीपुढे मधोमध, झेंडूचे ढिगात, ती चावी स्थापिली होती, आणि तीस कोणी शिवू नये ऐसी ताकीद दिधली होती. कोणी शिवले नाही. दशमीस निर्माल्याचे गाठोडे मात्र स्वतः बाबारावजींनी बांधिले, त्याच मारुतीत घातिले, आणि शिवनाथ नदीचे पुलावरून हात जोडून मोठ्या भक्तीने पात्रात सोडिले. परतताना खिळा लागला असावा.

मग युद्धास तोंड लागले. प्रथम पाइप पान्याने चाल केली, तो पाना घसरून बाबारावजी उताणे पडले. मग घासलेट पाजिले, आणि अर्धी घटका वाट पाहिली, आणि नट जागचा हलला नाही. मग छन्नी लावून हातोडीचा घाव घातिला, तो अंगठ्यावर बसला. मौज ऐसी की दर हल्ल्यास बाबारावजींस एक डोळ्याने रडू आणि एक डोळ्याने अभिमान, कीं काय नट केला आहे. अरुणकुमारांनी आपली मोटार देऊ केली, ती शत्रूची कुमक म्हणोन नाकारिली. अडीच वाजले. बाईसाहेब नवे लुगडे नेसून ओट्यावर बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या जी. मी ऑटोनं जातो. आई काई म्हननार नाही."

हा वार वर्मी बसला. बाबारावजींनी हातोडी टाकिली, अरुणकुमारांची सायकल मागितली, आणि खुर्सीपारावर कूच केले. तेथे चारचौघे तेच बसले होते. त्यांसमोर बाबारावजींनी मान खाली घालून सांगितले, "नत्थू, माहा नट माह्यानंच खुलून नाही राहिला. चालतं का?" नत्थू हसला नाही, ही त्याची थोरवी. त्याने पेटीतून एक जुनाट, कडा झिजलेला सॉकेट पाना उचलिला आणि सायकलीचे कॅरिअरवर बसला.

हुडकोस येऊन नत्थूने तो पाना, नटाहून किंचित लहान, नटाचे माथ्यावर धरिला, आणि हातोड्याचे पाच ठोके घालून आत ठोकून बसविला, मग दांडा लावून त्यावर पाय दिला. नट किंचाळला आणि फिरला. सात रविवारांची करणी दोन मिनिटांत भुईवर पडली. नत्थू बोलला, "काम तं एक नंबर केलं हाये साहेब. पन लोकं चोर असतेत, देव नसतेत. उघडाची सोय ठेवा लागते."  अंगठा चोखीत बाबारावजींनी स्टेपनी चढविली, आणि हात धुण्यास वेळ उरला नाही.

पॅसेंजर फलाटास लागली तेव्हां उभयतां दुर्ग ठेसनी हजर होती. मातुश्री उतरल्या, लेकीचे तोंडावरून हात फिरविला, आणि गाडीपाशी येऊन जावयाचे हात पाहिले. नखे बावीस वर्षांपूर्वी होती त्याहून काळी, अंगठा सुजलेला.  मातुश्री म्हणाल्या, "अजून तसेच हायेत हात." मग पदराचे टोकाने तो अंगठा पुसू लागल्या आणि म्हणाल्या, "मीच चुकली होती, जावईबापू. ज्यायचे हात कोरडे होते, त्यायच्या घरच्या पोरी पायदळच हायेत. पुढं बसू द्या मले." बाईसाहेब मागे बसल्या आणि हुडको येईतो खिडकीबाहेर पाहून डोळे पुसत होत्या. वाटेत मातुश्रींनी आणिक सांगितले की, आगगाडी शिवनाथेचे पुलावर असता नदीत रुपया टाकिला आणि जावयाच्या गाडीस काही न होवो ऐसे मागितले. बाबारावजींनी मान डोलाविली आणि गिअर बदलला.

येणेप्रमाणे हुडकोची मोहीम फत्ते जाहली. उरले तीन पंचकोनी नट त्याच सांजेस नत्थूचे हस्ते उतरविले आणि सोळाही साधे बसविले. पुढील खंडेनवमीस पाटावर मधोमध नत्थूचा जुनाट पाना मागून आणून पूजिला, आणि निर्माल्य बाईसाहेबांनी स्वतः, एकेक फूल झटकून, बांधिले. चावी शिवनाथेचे पात्रात आहे, सासूबाईंचे रुपयापाशी. कोणास सापडली तर खुशाल ठेवावी. तिने उघडेल ऐसे लांजेवारांचे घरी आता काही नाही.