मास्तरांना झालंय तरी काय?

सोमवारी सकाळी गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी एका शिकाऊ गृहस्थाला "हरकत नाही, होतं असं," म्हटलं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात झाली.

गृहस्थ बँकेत कॅशियर होते. गाडी वळवताना त्यांनी पुढचं चाक सरळ कुणाच्या तरी फाटकासमोरच्या कुंड्यांवर नेलं होतं. कुंड्यांचा चुरा झाला. कॅशियरनी डोळे मिटले, खांदे कानापर्यंत वर ओढले आणि तोफ डागली जाण्याची वाट पाहिली. मास्तरांचा आवाज एरवी असा, की ते 'ब्रेक!' म्हणून ओरडले तर शेजारच्या गाडीतला माणूसही ब्रेक दाबायचा. आज मात्र हरकत नाही! वर मास्तर स्वतः खाली उतरले, घरातल्या बाईंची माफी मागून आले आणि हसले. कॅशियरनी उरलेला वेळ गाडी पहिल्या गिअरच्या पुढे नेलीच नाही. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "मास्तर मला काढून टाकणार बहुतेक. ओरडलेच नाहीत गं."

खरा प्रकार आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये घडला होता.

मास्तर पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपैकी. आपण ख्रिस्ती आहोत हे सांगण्याचा त्यांना भारी सोस. नवा शिकाऊ गाडीत बसला, की सीटचा पट्टा लावायच्या आधी ते बजावत, "मी ख्रिस्ती माणूस आहे, आपल्याला लबाडी चालत नाही." आणि पट्टा लावून झाला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्या रविवारी नव्या, तरुण पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला आणि म्हणाले, "मंडळी, या आठवड्यात एक गंमत करू. आपण ख्रिस्ती आहोत हे कुणालाही सांगायचं नाही. आपलं असं काही चाललंय हेही बोलायचं नाही, अगदी घरातसुद्धा. नुसतं वागायचं. बघू या, पुढच्या रविवारपर्यंत आपल्याला कोण ओळखतं ते."

मंडळी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांच्या मनात आलं, यात पहिला नंबर आपलाच. ज्यांना आधीच सांगून ठेवलंय ते बाद. पण नवं कुणीतरी आपल्याकडे बघून म्हणणारच, 'काय हो, तुम्ही ख्रिस्ती का?'

मास्तरांची बायको त्या दिवशी आजारी बहिणीकडे गेली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

मंगळवारी मास्तरांनी चौकात गाडी थांबवून डावीकडून येणाऱ्यांना, उजवीकडून येणाऱ्यांना, शेवटी रस्ता ओलांडणाऱ्या एका कुत्र्यालाही आधी जाऊ दिलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक सायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, पेट्रोल संपलं का? धक्का मारू?"

बुधवारी त्यांनी एका अनोळखी आजोबांच्या दोन जड पिशव्या चौथ्या मजल्यापर्यंत चढवल्या. दारात धापा टाकत ते अपेक्षेने उभे राहिले. आजोबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "आलं लक्षात," ते म्हणाले.

"काय?" मास्तरांचा चेहरा उजळला.

"निवडणुकीला उभे राहताय. पण आमचं मत ठरलेलं आहे हो."

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी गाडी लावण्याच्या जागेवरून त्यांचं वर्षानुवर्षांचं वैर. मास्तरांनी त्याला आपणहून सावलीतली जागा देऊ केली. शेजारी गोंधळला, मग हळव्या आवाजात म्हणाला, "घर सोडून चाललात होय? तसे वाईट नव्हतात हो तुम्ही."

आणि त्या संध्याकाळी घरी येऊन मास्तरांनी भांडी घासली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात खिळून उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. या माणसाने पाण्याचा पेलासुद्धा कधी विसळला नव्हता.

"अहो," ती घाबरतच म्हणाली, "माझ्यापासून काही लपवताय का?"

मास्तर गडबडले. लपवत तर होतेच. "छे, कुठे काय!"

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"मी? कशाला?"

"मग हे काय चाललंय? काल मला 'थकलीस का' म्हणून विचारलंत. परवा टीव्हीचा रिमोट दिलात. आज भांडी! काय असेल ते एकदाचं सांगा. माझं मन घट्ट आहे," असं म्हणून ती रडायला लागली.

"अगं, तसं काही नाही. वेळ आली की सांगेन."

"वेळ आली की?" बायकोने मोठाच हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांच्या शिकाऊ मंडळींपैकी एका नर्सबाईंना गाठलं. नर्सबाई त्याच भागातल्या हॉस्पिटलात कामाला होत्या. घरोघरी जाऊन पेशंटना बघायचं नवं काम त्यांना मिळणार होतं, पण गाडी चालवता यायला हवी, ही अट होती. परीक्षेला त्या दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा गाडीत बसल्याबरोबर हातपाय गार पडून नापास झाल्या. शुक्रवारची तिसरी खेप. ही हुकली तर काम दुसरीकडे जाणार होतं.

"तू नर्स आहेस, म्हणून तुला विचारते," बायको म्हणाली. "चांगला धडधाकट माणूस अचानक गोड बोलायला लागला, तर काय समजायचं?"

नर्सबाईंनाही सोमवारपासून तीच रुखरुख होती. आदल्याच दिवशी त्यांनी पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "छान प्रयत्न."

"काकू, स्वभाव असा एकाएकी बदलणं चांगलं नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "कधीकधी मेंदूत काही झालं तर असं होतं. उद्या मी लक्ष ठेवते. जरा कमीजास्त वाटलं, की सरळ आमच्याकडे आणते."

शुक्रवारी परीक्षा सुरू झाली. नर्सबाई स्टिअरिंगवर, शेजारी मांडीवर कागद अडकवलेली पाटी घेतलेले इन्स्पेक्टरसाहेब आणि मागे मास्तर. मागे बसणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही, हा नियमच होता. पहिल्याच वळणावर नर्सबाईंनी क्लच असा सोडला, की इन्स्पेक्टरांचा चष्मा मांडीवर पडला.

मास्तरांच्या घशापर्यंत आरोळी आली. ती त्यांनी गिळली. चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम फुटला. डोळे मिटून ते ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले, "प्रभू, जिभेला आवर घाल, प्रभू, जिभेला आवर घाल." आणि तशाही अवस्थेत, नर्सबाईंना धीर यावा म्हणून, त्यांनी दात दाखवून हसायचा प्रयत्न केला.

आरशात नर्सबाईंना दिसला तो लाल चेहरा, तो घाम, पुटपुटणारे ओठ आणि ते वाकडं हसू.

"अरे देवा!" त्या म्हणाल्या आणि इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे वळवली.

"बाई, उजवीकडे जायचंय," इन्स्पेक्टर म्हणाले.

"गप्प बसा! गाडीत पेशंट आहे."

"कोण पेशंट?" मास्तरांनी मागून विचारलं.

"मास्तर, तुम्ही बोलू नका. मान सरळ ठेवा. घाबरू नका, मी आहे ना!"

आणि ज्या नर्सबाईंना मोकळ्या मैदानात गाडी सरळ नेता येत नव्हती, त्यांनी भर बाजारातल्या गर्दीतून ती लोण्यातून सुरी फिरवावी तशी काढली. गिअर एकही चुकला नाही. हातगाडीवाल्याला अलगद बगल दिली, शाळेपुढे वेग कमी केला, चढावर गाडी तसूभरही मागे घसरू दिली नाही. इन्स्पेक्टर दाराची मूठ धरून बसले होते. मास्तरांच्या तोंडून तर आश्चर्याने शब्दच फुटेना, आणि त्यामुळे नर्सबाईंची खात्रीच पटली की वाचा गेली.

हॉस्पिटलात मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. "अहो, मी चालू शकतो," ते म्हणाले, पण मवाळपणे म्हणाले, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. टेबलापलीकडच्या बाईंनी माहिती विचारायला सुरुवात केली. वय सांगितलं, पत्ता सांगितला.

"धर्म?"

मास्तरांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आयुष्यभर या प्रश्नाला त्यांनी प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर दिलं होतं.

"धर्म, काका?"

"तुम्हाला काय वाटतं?" मास्तर आशेने म्हणाले. "माझ्याकडे नीट बघा, आणि तुम्हीच सांगा."

बाईंनी नर्सबाईंकडे बघितलं. नर्सबाईंनी खेदाने मान हलवली. बाईंनी लिहिलं, 'आठवत नाही.'

तेवढ्यात निरोप मिळालेली बायको धावत येऊन पोहोचली. "अहो, तेसुद्धा विसरलात?" असं म्हणत तिने टेबलावरच डोकं टेकलं. मग उठून पाळकसाहेबांना फोन लावला. "लगेच या हो. शेवटची प्रार्थना करावी लागेलसं दिसतंय."

डॉक्टरांनी मास्तरांना हात वर करायला लावले, एका पायावर उभं केलं, डोळ्यांत उजेड टाकला. "आता जरा हसून दाखवा."

मास्तर हसले.

"बघा! बघा!" बायको ओरडली. "हे असं कधीच हसत नाहीत!"

"केव्हापासून आहे हे?"

"सोमवारपासून. बुधवारी तर भांडी घासली."

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, या बदलाचं काही कारण सांगाल?"

"कारण आहे," मास्तर कळवळून म्हणाले, "पण रविवारपर्यंत सांगता येत नाही."

डॉक्टरांनी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

ते येण्याआधी पाळकसाहेब आले. सायकल जोरात हाणत आले होते. त्यांनी खुर्चीतले मास्तर बघितले, रडणारी बायको बघितली, डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून असे हसायला लागले, की डॉक्टरांनी दुसरी खुर्ची मागवली. हसू आवरल्यावर त्यांनी रविवारची सगळी हकिगत सांगितली.

मग बायको म्हणाली, "म्हणजे यांना काहीच झालेलं नाही?"

"काही नाही."

"नुसतं चांगलं वागत होते?"

"हो."

"मग एवढं घाबरवायचं कशाला माणसाला!" ती म्हणाली, आणि रडता रडताच हसत सुटली. डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या. टेबलापलीकडच्या बाई पेन सरसावत म्हणाल्या, "मग काका, लिहू ना आता, ख्रिस्ती?"

मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. कोपऱ्यातल्या बाकावर इन्स्पेक्टरसाहेब कागदांची पाटी घेऊन बसले होते. त्यांच्याकडे बघताच नर्सबाईंचं हसू विरलं.

"नापास ना, साहेब?" त्या हळूच म्हणाल्या.

"ठरलेला रस्ता सोडलात. परीक्षकाला गप्प बसवलंत. नियमाने दुसरं काय होणार?"

मास्तरांना आता कुठे उमगलं. ही परीक्षा हुकली तर हातचं काम जाईल, हे बाईंना स्टिअरिंग वळवताना पुरतं ठाऊक होतं. आणि वळवलं ते कुणासाठी? ज्या माणसाने महिनोन्महिने त्यांना गाढव, दगड, झोपाळू म्हैस म्हटलं, त्याच्यासाठी. मास्तर चाकाच्या खुर्चीतून उठले. आतून तो जुना आवाज उसळून आला होता, पण बाहेर आला तो भलताच, घोगरा.

"साहेब, नापास मला करा. बाईंना गाडी येते. तुम्ही बघितलंत ना बाजारात? येत नव्हती ती माझ्या ओरडण्यामुळे. चार महिने मला वाटलं, मी शिकवतोय. मी नुसता घाबरवत होतो."

इन्स्पेक्टरांनी चष्मा पुसला, घालून बघितला, परत पुसला. बराच विचार करून ते म्हणाले, "परीक्षा संपली असं मी म्हटलंय का अजून? रस्ता सुटला, तो पुन्हा पकडायला हवा. मध्ये गाडी थांबली होती, एवढंच. चला बाई, मला ऑफिसला सोडा. उजवीकडून." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही मात्र मागे बसायचं नाही. तुमचं हसू बघून मलाच कसंतरी होतं."

तासाभराने नर्सबाई परतल्या, त्या पास होऊन आणि सगळ्या वॉर्डला ओरडून सांगत.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "काय मंडळी, कुणाला कुणी ओळखलं?"

पहिल्या बाकावरून मास्तर उठले. "मला लोकांनी उमेदवार म्हटलं, घर सोडून चाललेला म्हटलं, पेशंट म्हटलं," ते म्हणाले. "ख्रिस्ती मात्र आपणहून एकानेही म्हटलं नाही. मला वाटायचं, मी जन्मापासूनच पास आहे. पण एक आहे, पाळकसाहेब. आमच्या धंद्यात नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं. तोवर शिकाऊ परवान्यावर चालवायला मुभा असते. फक्त शेजारी कुणीतरी जाणकार लागतं."

"मग शेजारी कोण बसणार?"

"मी बसते की," बायको जागेवरूनच म्हणाली. "एवढी वर्षं शेजारीच तर बसलेय. फक्त आता ओरडायची पाळी माझी."