बंदीच्या पुस्तकाचं पारायण

कोल्हापुरात कुठलाही कार्यक्रम भरवावा तर तो हंबीरराव मास्तरांनीच, असं अख्ख्या शाहूपुरीचं मत होतं, असं हंबीरराव मास्तरांचं मत होतं!

"मीरासाब, लिहून ठेव! ह्या रविवारी आपल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरणार न्हाय!"

मीरासाब बाइंडर खळीचा ब्रश डब्यात बुडवत म्हणाला, "मास्तर, मागच्या रविवारीबी जागा उरली नव्हती की. अडत्यानं गुळाचं रवं, ढेपांवर ढेपा रचून ठेवलंतं."

मास्तरांनी ते ऐकलंच नाही. न ऐकण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. हायस्कुलात ते इतिहास शिकवत, आणि संध्याकाळी 'नवविचार वाचन मंडळ' चालवत. मंडळाची मालमत्ता म्हणजे पुस्तकांनी ठासून भरलेली दोन कपाटं, एक सतरंजी आणि पाय मोडलेलं टेबल. खोली मात्र गुळाचे अडते गणपतराव यांची. ती त्यांनी कधीतरी चांगल्या मूडमध्ये असताना फुकट वापरायला दिली होती, आणि आता त्यांचा मूड गेला होता.

"मास्तर, गुळाचा हंगाम तोंडावर आलाय," गणपतरावांनी गेल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "तुमच्या वाचनाला माणूस येत न्हाय, काळं कुत्रं येत न्हाय. ह्या रविवारी खोली भरून दाखवा. भरली तर तुमची. न्हाय भरली तर सोमवारी माझं हमाल येत्यात."

दुसरा एखादा असता तर हबकला असता. मास्तरांना उलट चेव आला! आणीबाणी उठून सहा-सात महिने झाले होते. जो तो स्वातंत्र्यावर बोलत होता. तुरुंगात जाऊन आलेल्यांना शाल-नारळ मिळत होते. मास्तरांना तुरुंगात जायला आयत्या वेळी सवड झाली नव्हती, आणि ते त्यांना फार लागून राहिलं होतं. म्हणून त्यांनी कार्यक्रम ठरवला: बंदी घातलेल्या पुस्तकाचं जाहीर सामुदायिक वाचन! आधी मास्तरांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यान, मग वाचन, मग चर्चा.

पुस्तक मीरासाबनेच दिलं. रद्दीतून उचललेलं. मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे ना नाव ना लेखक. कथा एका भोंदू बुवाची आणि त्याला उघडं पाडणाऱ्या एका सुनेची. इंग्रजांच्या काळात लोकांच्या धार्मिक भावना दुखावतात म्हणून त्यावर बंदी आली होती, आणि ती उठवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं, असं मास्तर छातीठोकपणे सांगत.

"पानं सुटायला लागल्यात," मीरासाब म्हणाला. "बांधून देतो. पण माझ्याकडं फक्त लाल कापड शिल्लक हाय. पोथ्या बांधायला आणलंतं."

"लाल?" मास्तर उभेच राहिले. "अरे, लालच पाहिजे! क्रांतीचा रंग!"

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण गर्दी जमवायची तर पोलीस पाहिजेत, हे मास्तरांचं अनुभवाचं शास्त्र होतं. पोलीस आले की माणसं आपोआप गोळा होतात! ते सरळ ठाण्यात गेले.

"फौजदारसाहेब, मी रविवारी बंदी असलेलं पुस्तक वाचणार आहे. येऊन धरा!"

फौजदारांनी पान थुंकून विचारलं, "रविवारीच पायजे का? सोमवारी चालंल?"

"रविवारीच! आणि जरा गाजावाजा करत या."

रविवारी सकाळी मास्तर धुतलेला सदरा घालून, व्याख्यान तोंडपाठ करत खोलीवर आले, तर दारापुढे रांगोळी!

आत जे दिसलं त्याने त्यांना दाराची चौकट धरावी लागली. खोली खचाखच भरली होती. सगळ्या बायका! मोडकं टेबल बाहेर गेलं होतं आणि त्या जागी चौरंग आला होता. चौरंगावर लाल कापडातलं पुस्तक, त्यावर हळदकुंकू, पुढे नारळ, बाजूला उदबत्ती. गणपतरावांच्या आई, सगळ्या पेठेच्या आक्का, पुढे मांडी घालून बसल्या होत्या.

"या मास्तर. आंगुळ झालीया न्हवं?"

"झालीय आक्का, पण हे..."

"मग बसा. येळ होतोय."

झालं होतं असं, की आदल्या दिवशी मीरासाब लाल कापडात बांधलेलं पुस्तक दोन्ही हातांनी सांभाळून खोलीकडे आणत होता. खळ ओली होती, म्हणून तो जपून चालत होता. आक्कांनी ते ओट्यावरून पाहिलं. बाहेरच्या फळ्यावर 'सामुदायिक वाचन' लिहिलंय, एवढं नातीने वाचून दाखवलं. लाल कापड, जपून नेणारा माणूस आणि चारचौघांत वाचन! आता ह्याला पोथी नाही म्हणायचं तर कशाला? आक्कांनी घरोघर निरोप धाडला.

मास्तर मीरासाबकडे वळले. मीरासाब कपाटाला टेकून मिशीत हसत होता. "मास्तर, खोली भरली की!"

तेही खरंच होतं. मास्तरांनी घसा खाकरला. "मित्रहो! म्हणजे... भगिनींनो! अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा मानवाचा..."

"मास्तर," आक्का म्हणाल्या, "पोथी म्होरं ठेवून इकडचं तिकडचं बोलू नये."

"पण आक्का, मी ह्या विषयाची प्रस्तावना..."

"ती पोथीत हाय का?"

"नाही."

"मग नगं."

मास्तर बसले. वाचायला लागले. मनात म्हणाले, पहिल्याच पानावर ह्यांचे डोळे उघडतील! पहिल्याच पानावर बुवाला 'आयतं गिळणारा पोटभरू' म्हटलं होतं. मास्तरांनी ते मोठ्याने, ठासून वाचलं आणि मान वर केली.

"खरं हाय गं बाई!" आक्कांच्या शेजारी बसलेल्या चिमणाबाई म्हणाल्या. "आमच्या भावकीत एक हाय असलाच. शिरा खाऊन खाऊन ढेरी सुटलीया."

पुढे सुनेने बुवाचं बोचकं उकिरड्यात भिरकावलं, तेव्हा बायकांनी हात जोडून जयजयकार केला. आणखी पुढे लेखकाने स्पष्टच लिहिलं होतं: 'पोथीपुढे हात जोडणे सोडा, आणि आत काय लिहिले आहे ते तपासा!' मास्तरांनी हे वाक्य दोनदा वाचलं. बायकांनी दोनदा हात जोडले.

आता मात्र मास्तरांचा धीर सुटला. "अहो, ही पोथी नाही! हे बंदी घातलेलं पुस्तक आहे! आपण चर्चा करायला जमलोय! प्रश्न विचारा! बोला!"

"श्श्!" सगळी खोली म्हणाली.

"अध्याय चाललाय," आक्का बजावून म्हणाल्या. "खंड पडंल. मीरासाब, तू वाच रं. तुझा आवाज खणखणीत हाय, आणि तू मधी बडबडत न्हाईस."

मीरासाबने टोपी सारखी केली, मास्तरांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि असं काही रंगवून वाचायला लागला, की बायकांनी पदर तोंडाला लावले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कार्यक्रमात एकट्या मास्तरांनाच बोलायची बंदी झाली!

तेवढ्यात दारात फौजदार उभे राहिले. मागे दोन शिपाई. चपलांचा ढीग बघून तिघांनीही न सांगता बूट काढले.

मास्तरांना देव भेटल्यासारखं झालं. ते ताडकन उठले, दोन्ही मनगटं पुढे केली आणि ओरडले, "आलात? या! हेच ते पुस्तक! मीच तो गुन्हेगार! घाला बेड्या! मी घाबरत नाही! मी कुणाच्या बापाला घाबरत नाही!"

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांचं अंग रागाने थरथरत होतं, डोळे लाल झाले होते.

"अगं बाई!" चिमणाबाई कुजबुजल्या. "मास्तरांच्या अंगात आलं!"

पुढचं फार भराभर झालं. कुणीतरी मास्तरांना धरून खाली बसवलं. कुणीतरी कनवटीला बांधलेली जोतिबाच्या गुलालाची पुडी सोडली आणि त्यांच्या कपाळभर, नाकभर गुलाल फासला. आक्कांनी अदबीने विचारलं, "कोण देव आलासा, बाबा?"

"मी इतिहासाचा शिक्षक आहे!" मास्तर शिंकत ओरडले.

फौजदारांनी मीरासाबच्या हातातलं पुस्तक अलगद घेतलं, दोन पानं चाळली आणि घसा खाकरून विचारलं, "ह्यानं कुणाच्या भावना दुखावल्या?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"माझा गुडघा दुखतोय, सायेब," चिमणाबाई म्हणाल्या. "बाकी काय न्हाय."

"तरी मला हे घेऊन जायाला..."

"न्या की," आक्का म्हणाल्या. "पर अध्याय पुरा झाल्यावर. मधनंच पोथी उचलली तर उचलणाऱ्याच्या घरादाराला काय काय हुतं, ते मी आता सांगत न्हाय."

फौजदार शिपायांकडे बघत राहिले. शिपाई केव्हाच भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. फौजदारही बसले. मास्तरांनी पुन्हा उठायचा प्रयत्न केला, तेव्हा फौजदार त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, गप बसा. धार्मिक कार्यात अडथळा आणला म्हणून तुमालाच उचलीन."

"अहो, पण मी तेच तर म्हणतोय, उचला!"

"श्श्!" आता शिपाईसुद्धा म्हणाले.

एका अध्यायावर दुसरा चढला. बुवा पळून गेला, सून जिंकली. खोलीत टाळ्या, जयजयकार, आणि मग शिरा. फौजदारांनी दोनदा शिरा घेतला. जाता जाता मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "धार्मिक कार्यक्रम, शांततेत पार पडला, असं कळवतो वर." आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी काय वाचताय?"

अखेर गणपतराव आले. खोलीत, दारात, पायऱ्यांवर माणसंच माणसं! त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता.

"मास्तर, जिंकलासा! आई म्हणती, असं वाचन उभ्या जल्मात ऐकलं न्हाय. आता गूळ गेला उडत. खोली तुमची राहिली, कायमची राहिली!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलालाने आलं असेल, पण थोडं आनंदाचंही होतं. सगळा अपमान ते एका क्षणात विसरले. इतक्या वर्षांची धडपड, दोन कपाटांमध्ये एकेक करून जमवलेली पुस्तकं, सगळं वाचलं! "गणपतराव, तुम्ही विचारस्वातंत्र्यावर फार मोठे उपकार..."

"फकस्त एक हाय," गणपतराव म्हणाले. "पोथीची जागा हाय आता ही. ती कपाटातली पुस्तकं तेवढी हलवायची. आई म्हणती, तसलं सटरफटर हितं चालायचं न्हाय."

"कुठली पुस्तकं?"

"सगळीच की."

"म्हणजे... बंदी?"

"व्हय. बंदीच म्हणा की."

दुपारी मीरासाबने हातगाडी आणली. दोन्ही कपाटं रिकामी झाली, गाडी काठोकाठ भरली. मास्तर लालभडक तोंडाने पुढून ओढत होते, मीरासाब मागून ढकलत होता.

"मास्तर, वाईट कशाला वाटून घेताय?" मीरासाब म्हणाला. "आता कार्यक्रमाला पुस्तकं कमी पडायची न्हाईत. गाडीभर हाईत, आणि सगळी बंदीची!"

मास्तर थांबले. क्षणभर त्यांची छाती पुन्हा फुगली. मग हळूच म्हणाले, "व्हय रे. पण भरवायचा कुठं?"