चार्ज घेत नाहीये

रविवारी सकाळी पुन्हाबघूंच्या घरात एकच प्रश्न घुमत होता. स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "अहो, चार्ज घेतोय का?" आणि बाहेरच्या खोलीतून पुन्हाबघू उत्तर द्यायचे, "घेत नाहीये."

घेत नव्हता तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. तो स्वतःचा असता, तर पुन्हाबघूंनी तो केव्हाच माळ्यावर टाकला असता. पण गेम ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीचा होता. ती आणि पुन्हाबघूंची लेक एका वर्गात होत्या. शनिवारी ती खेळायला आली, मोठ्या मनानं गेम मैत्रिणीकडे ठेवून गेली आणि रविवारी संध्याकाळी घेऊन जाणार होती. लेकीनं शनिवारी झोपेपर्यंत तो हातातून सोडला नाही. शेवटी गेमनंच तिला सोडलं.

पुन्हाबघू हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसच्या भांडार विभागात होते. तिथं कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, जिन्यापर्यंत जायचे, "पुन्हा एकदा बघू" म्हणून परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. एकदा ओढून ओढून त्यांनी एक कुलूप उघडलंही होतं. तेव्हापासून हे नाव पडलं. पण भांडारातून एक खिळा कधी हरवला नाही, हेही सगळे मान्य करायचे. आणि आता, अर्धं आयुष्य वाट बघून झाल्यावर, त्यांना फळ मिळणार होतं. भांडारप्रमुख शनिवारी निवृत्त झाले होते. निरोपाच्या भाषणांत किल्ल्या द्यायच्या राहून गेल्या, म्हणून रविवारी दुपारपर्यंत त्यांच्या घरी जाऊन किल्ल्या ताब्यात घ्यायच्या होत्या. किल्ल्या घेतल्या की भांडाराचा चार्ज घेतला. सोमवारी पुन्हाबघू प्रमुखांच्या खुर्चीत बसणार होते.

"तुम्ही आधी किल्ल्या घेऊन या," बायको म्हणाली. "तो लावून ठेवलाय ना? होईल हळूहळू."

"साहेबांच्या मुलीचा गेम आपल्या घरात मेला, आणि मी साहेबांनीच दिलेल्या खुर्चीसाठी किल्ल्या आणायला जाऊ? आधी हे निस्तरतो."

ते निस्तरू लागले. गेमला चार्जर लावला, थोडा वेळ पडद्याकडे टक लावून पाहिलं, काही दिसेना तेव्हा काढला. बटण दाबून धरलं. मग दुसऱ्या भिंतीवर लावला. काढला. बटण पुन्हा दाबलं. मग आपल्या फोनचा चार्जर काढून तो गेमला लावला. काढला. वायरीचं तोंड शर्टाला पुसलं, भोकात फुंकर मारली, टूथपिकनं आतला कचरा काढला. कचरा निघाला नाही, टूथपिकचं टोक मात्र आत राहिलं. ते काढायला सुई लागली.

"बाबा, सारखं सारखं काढू नका ना," लेक रडवेली होऊन म्हणाली.

"काढल्याशिवाय कळणार कसं, लागलाय की नाही ते?"

मग पुन्हाबघूंना वाटलं, दोष भिंतीतल्या प्लगचाच असेल. फ्रीज चालतो म्हणजे फ्रीजचा प्लग खात्रीचा, म्हणून त्यांनी फ्रीज काढून तिथं गेम लावला. गेम उठला नाही, पण फ्रीजमधला बर्फ वितळून फरशीवर आला. बायकोनं फरशी पुसायचं फडकं त्यांच्या हातात दिलं.

शेवटी ते गेम घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं तो कानाशी हलवून पाहिला.

"बॅटरी गेलेली दिसतेय. मागून जरा फुगल्यासारखंही वाटतंय. उघडावं लागेल."

"उघडल्यावर पुन्हा नीट बसेल ना?"

"त्याची गॅरंटी नाही."

पुन्हाबघू गेम छातीशी धरून घरी आले, पुन्हा लावला, पुन्हा काढला. एवढ्यात फोन वाजला. साहेब!

"काय, मुली काल मनसोक्त खेळल्या ना?"

"हो, साहेब. जरा जास्तच."

"छान, छान. बरं, चार्ज घेतला का?"

साहेबांना कळलं होतं तर! लेकीनंच मैत्रिणीला सांगितलं असणार. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"नाही, साहेब," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "घेत नाहीये."

"घेत नाहीये? अहो, पण काल तर सगळं व्यवस्थित होतं!"

"काल रात्रीपर्यंत होतं, साहेब. मग एकदम अंधारच झाला. सकाळपासून दाबून बघतोय, चोळून बघतोय. आतून काही प्रतिसादच नाही."

"कुणाला दाखवलंत का?"

"आत्ताच दाखवलं. तो म्हणतो बॅटरी गेली. मागून फुगल्यासारखंही वाटतंय."

"बॅटरी? तुमच्याकडे बॅटरी... हे मला माहीतच नव्हतं! कधीपासूनची?"

"मूळचीच असणार, साहेब. उघडावं लागेल म्हणाला. पण उघडल्यावर पुन्हा नीट बसेल याची गॅरंटी नाही."

"अरे देवा." साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही आता काहीएक करू नका. चार्ज मी दुसरीकडे देऊन बघतो."

"तसं झालं तर फार उपकार होतील, साहेब."

"उपकार कसले! संध्याकाळी येतोच मी."

पुन्हाबघूंनी फोन ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली. "देवमाणूस आहे," ते बायकोला म्हणाले. "एक शब्द रागावून बोलले नाहीत. म्हणाले, दुसरीकडे देऊन बघतो."

"काय देऊन बघतो?"

"चार्ज."

बायको कणीक मळता मळता थांबली. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "साहेब कुठल्या चार्जबद्दल विचारत होते?"

पुन्हाबघूंनी झडप घालून फोन उचलला. फोननं एकदा डोळे मिचकावले आणि मान टाकली. त्याचा चार्जर सकाळपासून गेमच्या सेवेत होता.

"तुझा फोन दे!"

"देते. पण साहेबांचा नंबर पाठ आहे का?"

नंबर मेलेल्या फोनमध्ये होता. पुन्हाबघू पायात सापडेल ते घालून निवृत्त प्रमुखांच्या घराकडे पळत सुटले. निघताना एक चप्पल त्यांची होती आणि एक लेकीची, हे त्यांना वाटेत कळलं, पण परत जायला सवड नव्हती.

प्रमुखांनीच दार उघडलं. त्यांनी पुन्हाबघूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग छातीच्या डाव्या बाजूकडे पाहिलं आणि तिथून नजर हलवली नाही.

"अहो, तुम्ही पळत कशाला आलात?"

"किल्ल्या!" पुन्हाबघूंना धाप लागली होती.

"त्या साहेबांच्या सांगण्यावरून याच गल्लीतले जांभईराव घेऊन गेले. आत्ताच. तुम्ही घरी जा, पडून राहा. आणि असं पळत जाऊ नका हो, पेसमेकरला हादरा बसतो."

जांभईराव हे पुन्हाबघूंच्या शेजारच्या टेबलावरचे. सकाळी ऑफिसात आल्या आल्या ते जी जांभई द्यायचे ती जेवणाच्या सुट्टीत मिटायची. पुन्हाबघूंनी जिवापाड जपलेलं भांडार त्या माणसाच्या खिशात गेलं होतं. त्यांना खरोखर रडू आलं. ते चालत परतले, वाटेत बाकड्यावर बसले, उठले, पुन्हा बसले.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि दारात साहेबांची गाडी उभी होती. आत साहेब, फळांची पिशवी आणि काळजीचं वातावरण. मुली आतल्या खोलीत होत्या.

"अहो, बाहेर कशाला गेलात?" साहेब ताडकन उठले. "किती घाम आलाय! आडवे व्हा आधी."

"साहेब, मी ठणठणीत आहे! मी माझ्याबद्दल बोलतच नव्हतो. मी गेमबद्दल बोलत होतो. तुमच्या मुलीचा गेम बंद पडला होता, तो चार्ज घेत नव्हता."

तेवढ्यात आतल्या खोलीतून टुणटुणटुण असं आनंदी संगीत ऐकू आलं आणि पाठोपाठ दोघींचं हसणं.

साहेबांनी त्या दिशेनं पाहिलं. "तो तर वाजतोय."

"बाबा, झाला चालू!" लेक गेम नाचवत बाहेर आली. "तुम्ही गेल्यावर आईनं लावून ठेवला आणि कुणीच हात लावला नाही."

"काका, तो पार संपला ना, की असंच करतो," साहेबांची मुलगी म्हणाली. "खूप वेळ मेल्यासारखा पडून राहतो. फक्त मधे काढायचा नाही."

पुन्हाबघूंनी सकाळपासून तेवढंच केलं होतं.

साहेब खुर्ची ओढून समोर बसले. त्यांचा चेहरा आता काळजीचा राहिला नव्हता, ऑफिसातला झाला होता. "मला नीट समजून घेऊ दे. तुम्ही आजारी असाल, तर जांभईरावांकडे चार्ज तात्पुरता आहे. तुम्ही बरे झालात की तुमचाच. पण तुम्ही ठणठणीत असाल, आणि एका खेळण्यापायी दिवसभर घरात बसून किल्ल्या आणायला गेला नसाल, तर असा माणूस भांडार कसं सांभाळणार? मग मला जांभईरावांनाच कायम करावं लागेल. तेव्हा विचार करून सांगा. तुमच्याकडे बॅटरी आहे की नाही?"

मुली गेम घेऊन आत पळाल्या होत्या; तिथून पुन्हा टुणटुणटुण वाजलं. पुन्हाबघूंनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं फळांच्या पिशवीकडे पाहिलं. मग पुन्हाबघू सावकाश कॉटवर आडवे झाले आणि त्यांनी उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवला.

"आहे, साहेब," ते म्हणाले. "जुनी आहे."

"चार्ज घेईल ना?"

"घेईल, साहेब. फक्त मधे मधे काढून बघायचं नाही."