वाटेची गाडी, आडवाटेची गाडी

बर्फ नक्की कुठून सुरू होतो, हे मी सगळ्यांना विचारलं, कुणीच सांगितलं नाही. आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याला त्याला बर्फगाडी द्यावी लागते. ती ओढ्याकाठी उभी करायची, सीटवर पिंड ठेवायचा, कावळा शिवला की माणूस गाडी घेऊन पुढं जातो. जत तालुक्यात उन्हाळ्यात डांबर वितळतं. तरी पुढं बर्फच आहे, यावर गावाचं एकमत आहे.

माझा थोरला भाऊ बिरूदेव गेला तेव्हा वहिनी, वहिनीचे वडील आणि मी सांगोल्याच्या शोरूमला गेलो. तिथले पाटणेसाहेब शांत माणूस. त्यांनी आधी पाणी दिलं, मग जाणारा गाडी कशी चालवायचा ते विचारलं.

वाटेची गाडी रुंद होती. चाकांच्या जागी फिरणारा पट्टा आखूड, दणके कमी, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर वळणं झकास घेते, मागं दुसरी सीट. आडवाटेची अरुंद आणि हलकी, पट्टा लांब, त्याला चार बोटं उंच दाते. कोऱ्या भुसभुशीत बर्फात ती रुतत नाही. सीट मात्र एकच. दोन्ही जमणारी एक मधली गाडीही येते, पण ती भांडणाऱ्या घरांसाठी, असं साहेब म्हणाले.

वहिनीच्या वडलांचं मत पडलं की आजवर इतकी माणसं गेलीत, वाट मळली असणारच. साहेब म्हणाले, नवा बर्फ पडत राहतो, त्याची हमी देता येत नाही.

वहिनी आडवाटेच्या गाडीवर हात ठेवून उभी होती. दादानं जन्मभर मोटारसायकल बांधावरनं, ओढ्यातनं काढली, आणि गेला तो सरळ डांबरी रस्त्यावर, ट्रकखाली.

"मळलेल्या वाटेनंच खाल्लं त्यांना," ती म्हणाली. "परत तिलाच लावता?"

मी म्हणालो, वाटेचीच घ्यायची, तिला दोन सीटा आहेत.

"मागं कोण बसणार आहे, मायाप्पा?"

मी जाऊन मागच्या सीटवर बसलो आणि उतरलो नाही. पहाटे डाळिंबाच्या बागेवर जाताना मी दादाच्या मागं असाच बसायचो. थंडीत त्याची बोटं आखडायची, पण हातमोजे त्याला चालत नसत. मग मी मागून हात घालून त्याच्या मुठी धरून ठेवायचो. शेवटी साहेबांनी मला गाडीसकट ट्रकमध्ये चढवलं. दुसरी गाडीही त्यांनी सोबत घेतली, कारण ओढ्यावर गेल्यावर घरची माणसं मत बदलतात, असा त्यांचा अनुभव होता.

दहाव्याला पुढच्या सीटवर पिंड होता आणि मागच्या सीटवर मी. कावळा बाभळीवर बसून राहिला. वहिनीच्या वडलांनी कबूल केलं की दादाच्या पोरीला हवं तेवढं शिकवू. चुलत्यांनी बांधाचं भांडण सोडलं. कावळ्यानं मान वळवली. साहेबांनी इंजिन तपासलं आणि गाडीत दोष नाही असं सांगितलं.

"कावळ्याला वाटत असंल, ह्यो कुठला उतारू बसलाय," चुलते म्हणाले.

वहिनी जवळ आली. माझ्या खांद्यावरची धूळ झटकल्यासारखं करून हळूच म्हणाली, "ते तुला नेणार नाहीत रं."

मी थोडा वेळ बसलो. मग उतरलो.

"साहेब, ती दुसरी काढा."

गाडी अजून ट्रकच्या फळीवरच होती, तोवर कावळा खाली आला आणि तिच्या सीटवर जाऊन बसला. चुलते पिंड घेऊन त्याच्यामागं धावले.

कावळा शिवून गेल्यावर साहेबांनी रिवाजाप्रमाणे घरच्यांना बटणं दाखवली. एक दिव्याचं, एक मागं घ्यायचं, एक हँडलच्या मुठी गरम करायचं.

"किती गरम होतात?" मी विचारलं.

"अंगाइतक्या."

ओढ्यातले दगड इतके तापले होते की अनवाणी उभं राहवत नव्हतं. मी ते बटण दाबलं आणि बाजूला झालो.