हेडलाइटात बसला घट

बायकोच्या भावाचं, उत्कर्षचं लग्न ठरलं आणि नवरदेव आमच्याच गाडीत बसणार, असं मी सासऱ्यांच्या देखत बोलून गेलो. (बोलून जाणं हा माझा जुना आजार. ही सेकंडहँड गाडीही अशीच गळ्यात पडली.)

सासरे दौलतराव, किन्हीराजाचे शेतकरी. बैल घेताना दात मोजणारा माणूस. ते गाडीभोवती फिरले आणि उजव्या हेडलाइटपाशी थांबले. काचेआड वाफ धरली होती, खाली चमचाभर पाणी हिंदकळत होतं.

“जावईबापू, हिले मोतीबिंदू झाला काय? इतकं पाणी काहून?”

“दोन दिवसांत काढतो, मामाजी.”

“आठ दिवस घ्या. हळदीच्या सकाळी पाहतो. डोया साफ नसन, त नवरदेव राजपालच्या गाडीत जाईन.”

राजपाल म्हणजे माझा साडू. गाडी नवी, मिशी नवी, सगळंच नवं. वर्षाराणीनं, म्हणजे आमच्या हिनं, मला बाजूला ओढलं.

“ताई जन्मभर ऐकवन मले! उद्याच्या उद्या मेकॅनिकले दाखवा.”

“मेकॅनिक कायले? मॉइश्चर हाच त माहा धंदा आहे!”

खोटं नव्हतं ते. शेलूबाजारात मी एका अडत्याकडे कारकून. दिवसभर मूठभर सोयाबीन मशीनमध्ये टाकायचं आणि मॉइश्चर, म्हणजे ओल किती टक्के, ते ओरडून सांगायचं. शिवाय हाताला कसब आहे. दिवाळीतच या दिव्याचा बल्ब मी स्वतः बदलला (मेकॅनिकला पाच मिनिटं लागतात, मला दुपार लागली). त्याच दिवशी लोणच्याच्या बरणीचं झाकण फुटलं, तर तिलाही नवं बसवून दिलं. असं घट्ट, की उघडायला दोन माणसं लागतात.

मोबाइलवर पाहिलं. ओल शोषणाऱ्या पुड्या दिव्यात ठेवा म्हणे. पुड्या कुठून आणू? पण नऊ मॉइश्चरचं, कडक वाळलेलं सोयाबीन माझ्या खिशातच होतं. त्याच्याइतकं तहानलेलं दुसरं काय असणार? रुमालात पुरचुंडी बांधली. हेडलाइटच्या मागं हात जाईल एवढं गोल भोक होतं (कंपनीनं गिऱ्हाइकाची किती काळजी घ्यावी!). त्यातून पुरचुंडी आत सोडली.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी काच लख्ख! गल्लीत ज्यानं विचारलं नाही त्यालाही मी कृती सांगितली. आनंदाच्या भरात तीन दिवस पाइप लावून गाडी धुतली, त्या दिव्यावर जास्तीचा फवारा. मग दृष्ट लागू नये म्हणून दोन्ही दिव्यांवर जाड फडकी बांधून टाकली. हळदीलाच सोडायची, असं ठरवलं.

हळदीच्या सकाळी किन्हीराजाला सगळं गणगोत अंगणात जमलं होतं. राजपाल नव्या गाडीला टेकून उभा. मी ऐटीत उजवं फडकं ओढलं.

सगळं गणगोत पुढं वाकलं.

हेडलाइटात सोयाबीन उगवलं होतं. पुरचुंडी फुगून सुटली होती आणि बोटबोट लांबीचे पिवळे कोंब काचेला नाक लावून बाहेर बघत होते. वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले.

“हे काय पेरून ठेवलं?” सासऱ्यांनी विचारलं.

“सोयाबीन... मॉइश्चरसाठी.”

“म्या यंदा दोनदा पेरलं, त निम्मं निंघालं नाही. आन् तुमचं दिव्यात निंघते?” ते चक्क गाडीपुढं उकिडवे बसले. “वाण कोणतं?”

तेवढ्यात सासूबाई, सोजरबाई, हळदीचं ताट घेऊन आल्या आणि ओरडल्याच, “घट बसला व माय! नवरात्रात माह्या घटालेबी असे कोंब नाही आले. लग्नघरी याच्यापेक्षा मोठा शकुन कोणता?” त्यांनी हेडलाइटला हळदीकुंकू वाहिलं. बायांनी ओवाळलं. उत्कर्ष म्हणाला, “मी याच गाडीत जाईन!” वर्षाराणीनं ताईकडे जे पाहिलं, ते पाहून माझा ऊर भरून आला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी कामाला आलो होतो!

राजपालला राहवेना. त्यानं बॉनेट उघडून आत मान घातली.

“हरीओमभाऊ, याच्या मांगचं झाकण कुठी आहे? ते नसन त पाणी घुसनच ना.”

“कसलं झाकण?”

“रबरी. काळं, गोल, वाटीएवढं.”

वर्षाराणीनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

“अहो,” ती सावकाश म्हणाली, “लोणच्याची बरणी?”

अंगण हसून हसून लोळलं. खुद्द नवरदेवाला ठसका लागला. सासरे उपरण्यानं डोळे पुसत उठले.

“शब्द म्हणजे शब्द. नवरदेव याच गाडीत जाईन. पण चालवन राजपाल.”

“आन् मी, मामाजी?”

“तुमी पोह्याच्या टेम्पोत बसा. गंज-पातेल्यांवर चार झाकणं आहेत, तेवढी सांभाळा. तुमाले सवय आहे.”

बसलो. चारही झाकणांना मिठी मारून बसलो. जऊळक्याच्या वळणावर त्यातलं एक उडालं.