कान ओळखणारे प्रोफेसर

प्रोफेसर दिघोरे माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, कानावरून ओळखत. वडशाच्या बाजारात कोणी रामराम घातला की आधी त्याची टोपी वर सरकवायचे, कान निरखायचे आणि मग खूश होऊन म्हणायचे, "अरे, तू तर आपला सुपकान्या! बरा हायेस ना?" माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. मी 'बारक्या कानाचे गुरुजी'.

नागपूरला कानाच्या रोगांचे प्रोफेसर म्हणून त्यांनी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर एकटेच वडशाला आमच्या शेजारी राहायला आले. मूळचे चिमूरकडचे, बोली अस्सल गावची. "इंग्रजी कॉलेजातच ठेवून आलो, गुरुजी. तिथलाच माल होता."

खिशात कायम कान तपासायचा एक दोन दांड्यांचा पोलादी चिमटा. तो गुडघ्यावर आपटून गुणगुणायला लावायचे आणि समोरच्याच्या कानाशी धरायचे. एकदा हिरवा झेंडा हातात घेतलेल्या स्टेशनमास्तरांनाच फलाटावर गाठलं. मास्तर ओरडले, "अहो, गाडी सुटायची आहे!"

"गाडी जाईन, दुसरी येईन. कान दुसरा येणार नाई."

हिवाळ्यात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की हे दुपारी मंडपात सगळ्यात मागे जाऊन बसत. "राजापेक्षा प्रॉम्प्टर चांगला ऐकू येऊन राह्यला. मुकुट त्यालेच द्या!" राजा दोन दिवस रुसला होता.

एका रविवारी सकाळी तळ्याकाठच्या मोहल्ल्यातल्या रखमाबाई नव्या सुनेला घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. मासळी विकून त्यांचा आवाज असा चढलेला, की गुपितही चार घरांत पोचायचं.

"गुरुजी, इच्या बापाले चिठ्ठी लिहा. पोरगी घेऊन जा म्हणा. हाक मारली त ढुंकून पाहत नाई. मगरूर हाय!"

सून, सगुणा, खाली मान घालून उभी. मी दौत उघडतोय तोवर प्रोफेसर कुंपण ओलांडून आले, हातात पितळी परात. सगुणाच्या मागे उभं राहून त्यांनी ती फरशीवर आपटली. कावळे उडाले, मी दचकलो, शाई सांडली. सगुणा हलली नाही.

मग ते समोर आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुयं नाव काय?"

तिनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "सगुणा."

"मगरूर नाई हे. हिले ऐकू येत नाई. ओठ पाहून समजते. तुमी चुलीकडे तोंड करून बोलता, तिनं काय पाहावं?"

लहानपणी तापात कान गेलेले. "सांगतलं असतं त लगीन झालं नसतं," सगुणा म्हणाली आणि रडू लागली.

रखमाबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "औषध हाय का, भाऊ?"

"औषध नाई. बोलताना समोर या. तेवढाच इलाज."

चिठ्ठी राहिली. पुढच्या बाजारी रखमाबाई भेटल्या त्या हसतच. "भांडाले बी समोर जा लागते, गुरुजी. अन् तिचं तोंड पाह्यलं का मले हासूच येते!"

प्रोफेसर दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. एकदा मीही गेलो. अंगणात दोघं समोरासमोर बसलेले. प्रोफेसरांचे ओठ भराभर हलत होते, आवाज मात्र अजिबात नव्हता. सगुणा पदर तोंडाला लावून हसत होती.

परतताना मी विचारलं, "असं बिनआवाजाचं बोलायला कधी शिकलात?"

ते तळ्याच्या बांधावर चढले.

"माह्या बायकोचेबी कान तापातच गेले. मी कानाचा प्रोफेसर, अन् घरातलेच कान नाई वाचवता आले. मंग आमी असेच बोलाचो. बावीस वर्षं. शेजाऱ्यांले वाटे, या घरात अबोलाच हाय." ते हसले. "ती गेली, अन् माह्या तोंडाकडं पाहून ऐकणारं कोणी उरलं नाई."

तळ्याचा बांध संपला. ते थांबले, मागे वळून पाहिलं.

"रविवार लय दूर असते, गुरुजी. बुधवारीबी येऊ."