किल्ली समोरच्या घरात मिळेल

किलब्रॅनॉकचा किल्ला कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली समोरच्या घरात मिळते, ही व्यवस्था क्लेअर परगण्यात सर्वांना मान्य होती. फाटकावर तशी पाटीही होती: 'किल्ली समोरच्या घरात मिळेल.' समोर घर एकच होतं, मॅकनर्नींचं. त्यात आता डेलिया मॅकनर्नी एकटी राहत असे. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा दुखरा. किल्ली चुलीशेजारच्या खिळ्यावर, येशूच्या तसबिरीखाली जळणाऱ्या तांबड्या दिव्याच्या उजेडात. सासूनं ती तिथंच टांगली होती, सासूच्या सासूनंही. पीठ मळताना सासू गुणगुणायची ते डेलियाच्याही ओठांवर बसलं होतं:

खिळ्याशी किल्ली, किल्लीशी दार,
दाराशी पाहुणा, आधण चुलीवर.

किल्ला म्हणजे बिनछपराचा चार मजली बुरूज आणि त्यातले कावळे. वर्षाकाठी सहासात माणसं यायची. किल्ली न्यायची, वर जायची, भिजून परत यायची. किल्ली उंबऱ्याबाहेरून परत घेणं मॅकनर्नींच्या घरात पाप होतं.

"आत ये, चहा घे," डेलिया म्हणायची.

"नको, कशाला."

"अरे, आधण ठेवलंच आहे."

"नको, खरंच नको."

मग ती तिसऱ्यांदा विचारायची आणि पाहुणा बसायचा. पहिली दोन 'नको' म्हणजे डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावणं, तेवढंच. तिकडे हे कुणाला शिकवावं लागत नसे.

पाहुणा असो वा नसो, रोज दुपारी तीनला मॉसी हेहिर यायचा. पलीकडच्या कुरणाचा मालक, आजन्म ब्रह्मचारी. डेलियाचा नवरा गेला त्या आठवड्यापासून आलेला, आणि नऊ वर्षांत एकदाही न चुकलेला. तोही दोनदा 'नको' म्हणायचा, मग बाकावर बसायचा. अर्ध्या तासात दोघं मिळून वीसेक शब्द बोलत, त्यातले बारा पावसाबद्दल. पण डेलियाचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासाच्या खांद्यावर असे, एक घागर पुढे आणि एक मागे, कावडीसारखा.

मग कुणा पाहुण्यानं फोनवर अभिप्राय लिहिला. किल्ला: दोन तारे, जिना निसरडा, कावळे उद्धट. समोरच्या घरातला ब्रेड आणि लोणी: पाच तारे.

पुढच्याच महिन्यात डब्लिनहून 'एका दिवसात सात वारसास्थळं' ही बस सुरू झाली. मठाला नऊ मिनिटं, समुद्राच्या कड्याला अकरा, शौचालयाला पंधरा आणि किलब्रॅनॉकला बारा. बस चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच, जार्लथ. पहिल्या दिवशी बेचाळीस माणसं स्वयंपाकघरात शिरली. डेलियानं विचारलं, "चहा घेणार?" आणि बेचाळीसच्या बेचाळीस जण 'हो' म्हणाले. एका दमात, पहिल्याच वेळी. तिनं कपाट उघडून कप मोजले.

गर्दी झाली म्हणून वारसा खात्यानं अधिकारी पाठवला. फर्गस टिअर्नी नाव, हातात फाइल, बुटांवर चिखलाचा थेंब नाही. डेलियानं आधी त्याच्या आईचं माहेर विचारलं. ते कोरोफिनचं निघालं. आईची मावशी डेलियाच्या चुलतसासूच्या शेजारी राहायची असंही निघालं, आणि फर्गसला 'नाही' म्हणायची डेलियाची वाट तिथंच बंद झाली.

"तुमच्या स्वयंपाकघरात लोक येतात, त्याचा त्रास होत नाही ना?" फर्गसनं विचारलं.

आता तिकडे या प्रश्नाला उत्तर एकच असतं. पाय मोडलेला असला तरी तेच.

"छे रे बाबा, त्रास कसला," डेलिया म्हणाली.

फर्गसनं ते लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सदर किल्ल्याच्या जिन्याची अवस्था पाहता, सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत किल्ला अभ्यागतांसाठी बंद करण्यात येत आहे. मात्र किल्ली-वितरण ही स्वतंत्र सेवा असून ती बंद करण्याची तरतूद नियमांत नसल्यानं ती पूर्ववत चालू राहील. 'त्रास कसला' हे आपलं लेखी संमतिपत्र समजण्यात आलं आहे.

त्याप्रमाणे बस येत राहिली. लोक किल्ली घेत, खिडकीशी उभे राहून बंद किल्ल्याकडे बघत, किल्लीसोबत फोटो काढत, किल्ली परत देत आणि चहाला बसत. एकाही माणसानं तक्रार केली नाही. उलट जिना चढावा लागत नाही म्हणून तारे वाढले.

मग फर्गस पुन्हा आला. किल्ली फोटोत फार लहान दिसते, असं लक्षात आलं होतं. खात्यानं फूटभर लांबीची, गंजाचा रंग दिलेली प्रतिकृती करून आणली आणि खिळ्यावर टांगली. मूळ किल्ली 'अतिरिक्त वस्तू' ठरली.

"ही नजरेआड ठेवा," फर्गस म्हणाला. "लोकांचा गोंधळ होतो."

डेलियानं ती एप्रनच्या खिशात टाकली.

"आणि ही विजेची किटली?"

"तीस वर्षं झाली तिला. छान चालते."

"तोच प्रश्न आहे, बाई. जुनी दिसत नाही. आपण इथं लोखंडी किटली ठेवू. तिच्यात पाणी घालायचं नाही, भोक आहे. चहा बसमधून थर्मासनं येईल. त्रास नाही ना?"

डेलियाच्या तोंडून निघून गेलं. फर्गसनं तारीख घातली.

दूरचित्रवाणी गेली, प्लास्टिकची बादली गेली, डॉक्टरांनी दिलेली गुडघ्याची उशी गेली. डेलियाच्या खुर्चीभोवती तांबडा दोर आला. दहा ते पाच तिनं त्या खुर्चीत बसायचं; पाचनंतर बसायचं नाही, कारण खुर्ची झिजते. पीठ मळताना ती गुणगुणते हे फर्गसच्या कानावर गेलं होतं. त्यानं ते, आणि पाहुण्याला चहाचं तीनदा का विचारायचं हे तिचं सांगणंही, यंत्रात भरून घेतलं, फाइलमध्ये 'अमूर्त वारसा' असं नोंदलं, आणि गुणगुणण्याच्या वेळा ठरवून दिल्या: सव्वाअकरा, पावणेदोन आणि मागणी असल्यास साडेचार.

हे सगळं डेलियानं सोसलं. पण एका दुपारी तीन वाजता मॉसी आला, आणि दारात जार्लथ उभा होता.

"आजोबा, रांगेतून या."

"मी चहाला आलोय," मॉसी म्हणाला.

"सगळेच चहाला आलेत, आजोबा."

मॉसी रांगेत उभा राहिला. रांगेत उभं राहणाऱ्याच्या कानात माहितीचं यंत्र घालायची पद्धत होती. त्याच्याही कानात घातलं. आत शिरताच ते बोलू लागलं: 'आपल्या डावीकडे जो रिकामा बाक दिसतो, त्यावर पूर्वी एक स्थानिक पुरुष बसत असे.'

"तो मीच," मॉसी शेजारच्या बाईला म्हणाला.

"जरा ऐकू द्या हो," बाई म्हणाली.

दोराच्या पलीकडे डेलिया बसली होती. तिनं त्याला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं.

"चहा घेतोस, मॉसी?"

"नको, कशाला," मॉसी म्हणाला. दोरापाशी उभा राहून, हातात टोपी धरून.

"अरे, घे की. गारठलायस."

"नको, खरंच नको."

डेलियानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोच जार्लथनं टाळी वाजवली. बारा मिनिटं झाली होती. रांग हलली, आणि रांगेबरोबर मॉसी मागच्या दारानं बाहेर गेला, दोन 'नको' बोलून झालेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो तहानलेला घरी परतला. दुसऱ्या दिवशी आला नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही. तीनचा ठोका पडे, लोक बाकाचे फोटो काढत, आणि खुर्चीतल्या बाईचे डोळे पाणावले की ते फोटो जास्त चांगले येत.

चौथ्या दिवशी डेलियानं फर्गसला बोलावून घेतलं. आरशासमोर तिनं सराव केला होता. आयुष्यात न म्हटलेली गोष्ट म्हणायची होती.

"हे बघ बाबा. मला हे नको आहे. दोर काढ, किटली आण, आणि माणसं पाठवू नकोस."

फर्गस प्रसन्नपणे हसला. "हं. हे पहिलं."

"पहिलं काय?"

"पहिलं 'नको'." त्यानं फाइल उघडली. "पृष्ठ एकेचाळीस. 'या भागात नकार दोनदा दिला जातो, तो शिष्टाचार असून त्याला नकार समजू नये. संदर्भ: श्रीमती डेलिया मॅकनर्नी, स्वयंपाकघर.' तुम्हीच सांगितलंय, बाई."

"अरे, ते चहाचं. मी खरंच नको म्हणतेय."

"'नको, खरंच नको.' अगदी शब्दशः." फर्गसनं समासात खूण केली. "हे दुसरं."

डेलिया थांबली. तिनं नीट विचार केला. एकच शिल्लक होतं, आणि ते तिनं सावकाश, स्वच्छ आवाजात उच्चारलं.

"नको."

फर्गसनं पान उलटलं. "'तिसऱ्या वेळेस होकार असतो.'" त्यानं तारीख घातली, सही केली, आणि तिचा हात हातात घेतला. "आम्हाला तुमच्या मनाची कल्पना होतीच. पुढच्या मोसमापासून दोन बसेस. त्रास नाही ना?"

त्या प्रश्नावर डेलिया काहीच बोलली नाही. मौनासाठी फाइलमध्ये रकाना नव्हता, म्हणून फर्गसनं उत्तराचा रकाना रिकामा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, म्हणजे कामाच्या वेळेआधी, डेलियानं गोठ्यामागे टाकून दिलेली दोन स्टुलं उचलली, सासूची जुनी, भोक नसलेली किटली घेतली, पावाचा गोळा फडक्यात बांधला आणि पीटच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलमातीच्या, जळणाची टोपली हाताला अडकवली. रस्ता ओलांडायला तिला तीन खेपा लागल्या. मग एप्रनच्या खिशातली अतिरिक्त वस्तू काढून तिनं किल्ल्याचं फाटक उघडलं, आत गेली आणि आतून कुलूप लावलं.

तिनं कोणताही नियम मोडला नव्हता. किल्ला अभ्यागतांसाठी बंद होता. शेजाऱ्यांबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. धोका जिन्यात होता. ती तळमजल्यावर होती, दगडी चुलाण्याशी, जिथं चारशे वर्षांत कुणी विस्तव केला नव्हता. वर कावळे ओरडले, पण ते घरच्या माणसांवर ओरडावं तसं.

मॉसीला कुणी निरोप दिला नाही. त्यानं कुरणातून धूर पाहिला, तीन वाजायला आले होते, तो आला. डेलियानं गजांतून किल्ली दिली, त्यानं उघडलं, पुन्हा लावलं, आणि परत दिली. उंबऱ्याच्या आत.

"चहा घेतोस?"

"नको, कशाला."

"आधण ठेवलंय."

"नको, खरंच नको."

वारा जरा थांबल्यासारखा झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

"घे रे, मॉसी."

"बरं, अर्धा कप," मॉसी म्हणाला आणि स्टुलावर बसला. वरून बुरबुर पडत होती. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "पाऊस आहे." ती म्हणाली, "आहे खरा." कितीतरी दिवसांचं बोलणं झालं.

समोरच्या घरात काही अडलं नाही. डेलियाच्या आवाजात चहाचं तीनदा विचारणारी पेटी खुर्चीवर ठेवण्यात आली. लोकांना ती आवडली. ती आजारी पडत नव्हती. जार्लथ खिडकीतून किल्ला दाखवायचा. "तो धूर कसला?" एखादा विचारायचा. "धुकं," जार्लथ म्हणायचा, "फार जुनं आहे."

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पेटी ऐकून, प्रतिकृती हाताळून झाल्यावर एका पाहुण्याच्या मनात आलं की ती खरी बाई राहिलीच बघायची. तो रस्ता ओलांडून फाटकाशी आला. आत चुलाण्याशी दोन म्हातारी माणसं बसली होती, आणि त्यांच्यामध्ये किटलीची वाफ.

"जरा आत येऊन बघू का?" त्यानं गजांतून विचारलं.

"नको, बाबा," डेलिया म्हणाली.

पाहुणा हलला नाही. कानातल्या यंत्रावर त्यानं पृष्ठ एकेचाळीस ऐकलेलं होतं.

"नको, खरंच नको," डेलिया म्हणाली, आणि मॉसीच्या कपात चहा ओतू लागली.

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. तिनं पाठ फिरवली आणि ती गुणगुणू लागली, वेळ न पाहता. पाहुणा मात्र गजांना धरून उभाच राहिला, तोंडभर हसत, पाय पुसून तयार. तो कोण, हे विचारायचं कारण नाही. तिच्या स्वयंपाकघरातून तिच्या मागोमाग इथवर आपणच आलो आहोत, तिचे दोन्ही नकार आपण स्पष्ट ऐकले आहेत, आणि तिसऱ्याची वाट बघत अजून वाचतो आहोत.